वडील रोज चालतात, तरी खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

विषय अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. वय ७४. निम्मं आयुष्य मिलमध्ये साच्यावर उभं राहून गेलं, मिल बंद पडल्यावर पॉवरलूमवर. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येतीची तक्रार नाही. रोज सकाळी हुतात्मा बागेत चालायला जातात, येताना सिद्धेश्वराचं दर्शन, मग घरी चहा. यात खंड नाही. गड्डा यात्रेच्या गर्दीतसुद्धा वाट काढत जाऊन यायचे.

पण गेल्या वर्ष-दीड वर्षात एक गोष्ट डोळ्यांत यायला लागली आहे. सोफ्यावरून उठताना आधी कडेला सरकतात, दोन्ही हात गुडघ्यांवर रेटतात, पहिल्या झटक्यात अर्धे उठून परत बसतात आणि दुसऱ्या झटक्यात उभे राहतात. मागच्या महिन्यात अक्कलकोटला निघालो होतो. एसटीची पहिली पायरी किती उंच असते तुम्हाला माहीत आहे. पाय वर ठेवला, पण अंग काही वर जाईना. शेवटी दांडा धरून हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढून घेतलं. मागून कंडक्टर, "आजोबा, आवरा की." खिडकीशी बसल्यावर पार अक्कलकोटपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

आमचे डॉक्टर म्हणतात, वयाप्रमाणे आहे, चालणं चालू ठेवा. शेजारी म्हणतात, आता कशाला दगदग, बसू द्या निवांत.

माझे प्रश्न साधे आहेत. रोज एवढं चालूनही पायांत ताकद का नाही? या वयात गेलेली ताकद परत येते का, की आहे ती राखायची एवढंच? आणि करायचं तर घरी काय करायचं? जिमचं नाव काढलं तर ते माझ्याशी बोलणं बंद करतील, हे आधीच सांगतो.

टिंगलखोर

रुमाल टाकून ठेवतो. आमचे तीर्थरूप कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गाडी काढतात, त्यामुळे मला चालण्याच्याही आधीपासून सुरुवात लागेल.

अस्थिस्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच काम करते. तुमच्या अण्णांसारखे पेशंट रोज पाहते, म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंना आपल्या ताकदीचा थोडाच भाग लावावा लागतो. अण्णांच्या पायांना त्या कामाची इतक्या वर्षांची सवय आहे की त्यांना वाढायचं काही कारणच उरलेलं नाही. स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा जास्त काम मागितलं तरच. चालण्याने हृदय, साखर, झोप, मन या सगळ्यांना फायदा होतो, ते अजिबात बंद करू नका. पण खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, ठेच लागल्यावर दुसरा पाय पटकन पुढे टाकून सावरणं ही कामं वेगळी. त्यांना मांडी आणि कुल्ल्याच्या स्नायूंची ताकद लागते, आणि ती झटकन वापरता यावी लागते. वयाबरोबर आधी कमी होतात ते झटकन आकसणारे स्नायुतंतू. म्हणून म्हातारपणी ताकदीपेक्षाही चपळाई लवकर जाते. अण्णांचा "पहिला झटका फसतो" तो यामुळेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: परत येते. सगळी नाही, पण दिसण्याइतकी नक्की येते.

काहीही सुरू करण्याआधी मोजून ठेवा, नाहीतर महिन्याभराने "फरक पडला का?" यावर घरात वाद होतील. हात नसलेली, न झुलणारी साधी खुर्ची घ्या, बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटीमीटर उंच. भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते आणि माणूस पडतो. हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी, बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आणि पडण्याची भीती जास्त असं आम्ही धरतो. हाताचा आधार घ्यावाच लागला तर आकडा शून्य लिहायचा. रागवू नका, नियमच तसा आहे.

मग फरशीवर ४ मीटर खडूने आखा आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या चालीने चालू द्या. आशियाई लोकांसाठी सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेग हा मंद समजतात, म्हणजे ४ मीटरला ४ सेकंदांहून जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. तिसरी गोष्ट तोल: एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत, १० सेकंद. तुम्ही शेजारी उभे राहा, हात धरू नका, पण धरता येईल इतक्या जवळ.

खुर्ची, चाल आणि तोल या तीन गोष्टी मिळून ० ते १२ गुणांची एक चाचणी आहे, ती १९९४ पासून जगभर वापरतात. तिथे खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागले ते बघतात. गुणांचं गणित तुम्ही करत बसू नका, आकडे वहीत लिहून ठेवा.

व्यायाम काय ते उद्या लिहिते, आता क्लिनिक उघडायची वेळ झाली.

रानमळा

माझे आजोबा मोहोळकडचे. नव्वदीपर्यंत शेतात होते. त्यांनी ना खुर्ची मोजली ना खडूने रेघा मारल्या. भाकरी, ठेचा आणि काम. आजकाल प्रत्येक गोष्टीला तज्ज्ञ लागतो.

अस्थिस्नायू

@रानमळा, तुमच्या आजोबांना खरोखरच गरज नव्हती. विहिरीचं पाणी ओढणं, वैरणीचा भारा डोक्यावर घेणं, उकिडवं बसून खुरपणं, दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठणं हा ताकदीचाच व्यायाम आहे, आणि तो शेवटपर्यंत थांबला नाही. धागाकर्त्याच्या अण्णांचं ओझं उचलणं रिटायर झाल्या दिवशी थांबलं. मग घरात सोफा आला, कमोड आला, जेवायला टेबल आलं. गुडघे दुखणाऱ्याला या सोयी हव्यातच, पण त्यांच्याबरोबर रोजचं उठणं-बसणंही गेलं आणि त्याची भरपाई कोणी केली नाही.

डेटावाला

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात. "परत येते का" यावर थोडे आकडे.

१९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमवजा रुग्णालयात दहा जणांवर प्रयोग झाला. सरासरी वय ९०. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मांडीच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम, आणि वजन नावापुरतं नाही तर चांगलं जड. पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचा आकार ९ टक्क्यांनी. ताकद इतकी वाढते आणि आकार इतकासाच, कारण सुरुवातीचा बराचसा फायदा मज्जातंतूंचा असतो. असलेले स्नायू कामाला लावायला शरीर पुन्हा शिकतं. आणि याची दुसरी बाजू: व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यातली बरीच ताकद उतरली.

दहा माणसांवरून जग ठरत नाही, म्हणून मोठा अभ्यास बघा. २०१४ साली अमेरिकेतच आठ ठिकाणी ७० ते ८९ वयाच्या १६३५ लोकांवर झालेला. सगळे बैठ्या सवयीचे, वरच्या १२ गुणांच्या चाचणीत ९ किंवा कमी मिळालेले. निम्म्यांना चालणं, ताकद, तोल असा मिश्र व्यायाम, निम्म्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी २.६ वर्षांनी बघितलं तर ४०० मीटर चालणं न जमण्याची वेळ व्यायामवाल्यांपैकी ३०.१ टक्क्यांवर आली, व्याख्यानवाल्यांपैकी ३५.५ टक्क्यांवर.

रानमळा

म्हणजे अडीच वर्षं राबून शंभरात पाच जणांचा फायदा. एवढ्यासाठी?

डेटावाला

हो, शंभरात पाच. मी फुगवून सांगणार नाही. पण त्यात असेही होते ज्यांनी व्यायाम अर्धवट केला किंवा मध्येच आजारी पडले, सगळे धरूनचा हा आकडा आहे. आणि ४०० मीटर चालता न येणं म्हणजे काय ते बघा: पार्क चौकात रिक्षातून उतरून नवी पेठेत खरेदी करून येणं बंद. त्या पाचांत आपले वडील असतील तर आपण शंभराचा हिशेब करणार नाही.

टिंगलखोर

धाग्याचं काश्मीर होण्याआधी ताईंनी व्यायाम लिहावेत ही विनंती.

अस्थिस्नायू

लिहिते. हे हुबेहूब अण्णांसाठी आहे असं समजू नका. त्यांना मी तपासलेलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा एकच: खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला खुर्चीवर घडी घातलेली चादर टाकून बैठक उंच करा, म्हणजे हात न टेकता जमेल. आपल्याकडे त्याला चादरींची कमतरता नाही. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. उठताना झटकन, बसताना सावकाश, मनात तीन मोजत. धपकन बसायचं नाही, उतरतानाही स्नायूला काम पडतं. आठ-दहा सहज व्हायला लागले की चादरीची एक घडी कमी. मग चादर काढून टाका. मग हातात दोन किलोची पिठाची पिशवी छातीशी धरून. शेवटचे दोन उठताना मांड्यांना जड गेलं पाहिजे. दहाच्या दहा आरामात होत असतील तर तो व्यायाम राहिला नाही, ती सवय झाली.

त्यानंतर ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्यालाच धरून पाय बाजूला नेणं, घोट्याला वजन बांधून. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करणं, तेही वजन बांधून. घरातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर चढ-उतर, कठड्याला हात लावून, चढताना आधी मजबूत पाय, उतरताना आधी कमजोर. शेवटी तोल: टाचेला बोटं लावून उभं राहणं, मग त्याच रेषेत चालणं, जमलं की एका पायावर. तोलाचं काम मात्र रोज चालतं.

ताकदीचं काम एक दिवसाआड. स्नायू वाढतो तो विश्रांतीच्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही तेच आहे: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, किमान दोन दिवस ताकदीचा, आणि वयस्कांसाठी तोल आणि ताकद मिळून तीन किंवा जास्त दिवस. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, बाकीचे दोन कोणी सांगतच नाही.

जोर लावताना श्वास रोखायचा नाही, बीपी चढतं. उठताना तोंडाने आकडा मोजला की श्वास आपोआप सुटतो. छातीत दुखलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबून डॉक्टर. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये. मणक्यात ठिसूळपणा निघालेला असेल तर पुढे वाकायचे प्रकार टाळा, त्यात सूर्यनमस्कारही आले. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा. आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा जे काय ते सकाळी आठच्या आत, घरात, पंख्याखाली.

कुंभारीची_लेक

ताई, माझ्या अम्माचं विचारते. वय ६६. पस्तीसेक वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, एक पाय दुमडलेला, दुसरा पसरलेला, दिवसभर त्याच जागी. आता गुडघे दोन्ही गेलेत. एका डॉक्टरांनी सांगितलं जमिनीवर बसायचं नाही, जिने चढायचे नाहीत, आराम. तेव्हापासून ती पलंगावरच असते. दुखणं कमी झालं नाही, उलट आता मोरीपर्यंत जाताना भिंत धरते. हिला हे व्यायाम चालतील?

अस्थिस्नायू

चालतील, फक्त क्रम वेगळा. गुडघ्याची झीज असली तरी मांडीचा पुढचा स्नायू मजबूत केला की दुखणं कमी होतं आणि चालणं सुधारतं, हे आता गुडघेदुखीच्या उपचारात पहिल्या पायरीवर आहे, गोळ्यांच्याही आधी. "जमिनीवर बसू नका" हा सल्ला त्या वेळेपुरता बरोबर असेल. पण त्याचा अर्थ घरच्यांनी "हलूच नका" असा घेतला की मांडी महिन्या-दोन महिन्यांत वाळते आणि सगळा भार सांध्यावर येतो.

अम्मांना आधी पलंगाच्या कडेवर बसवून एकेक गुडघा सरळ करायला लावा, वर पाच मोजून धरायचं, वजन न बांधता. झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि तो खाली दाबायचा. मग उंच बैठकीवरून उठणं. पलंग खुर्चीपेक्षा उंच असतो, तिथूनच सुरू करा. गुडघा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही. दुखण्याचा नियम असा: १० पैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत असलं तर चालतं. रात्रभर ठणकलं किंवा सूज आली तर पुढच्या वेळी निम्मं.

गुडघा गरम, लाल असेल, किंवा अचानक अडकत असेल तर आधी दाखवा. शासकीय रुग्णालयात फिजिओथेरपी मिळते, एकदा तरी समोर करून घ्या.

सेवानिवृत्त_७१

मी इथे बहुधा एकटाच असेन ज्याच्याबद्दल हा धागा आहे. आकडा नावातच आहे.

पहिली गोष्ट. मुलांनो, तुम्ही हे सगळं आमच्या पाठीमागे ठरवता आणि मग समोर येऊन "बाबा, उद्यापासून हे करायचं" म्हणता, तिथेच निम्मं काम बिघडतं. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. मला कोणी वहीत गुण लिहून दाखवायला लागलं तर मला राग येणारच.

दुसरी गोष्ट. भीती वाटते ती दुखण्याची नाही, पडण्याची. माझ्या बरोबरीचा एक मित्र न्हाणीत पडला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आमचा अख्खा कट्टा पायाखाली बघत चालतो. खाली बघून चाललं की वाकून चाललं जातं, आणि तोल आणखी जातो. हे मला नंतर एका फिजिओने सांगितलं. गेल्या वर्षीपासून मी वजनं उचलतो. पार्क स्टेडियमजवळ एका जिममध्ये जातो. पहिले काही दिवस पोरं वजन उचलून देण्यासाठी धावत यायची. आता बाजूला होतात.

फरक कुठे पडला ते सांगतो. छाती वगैरे काही रुंद झाली नाही. पाणी येतं त्या दिवशी भरलेली बादली मोरीतून गच्चीच्या जिन्यापर्यंत मी नेतो, सून ओरडते तरी नेतो. रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याचा खांदा धरावा लागत नाही.

तिसरी गोष्ट @रानमळा यांना. संक्रांतीला नंदीध्वज पेलणारी पोरं काय एकदम यात्रेच्या दिवशी काठी उचलतात का? आधी कितीतरी दिवस गल्लीत सराव चालतो. आम्हा म्हाताऱ्यांची यात्रा रोजचीच आहे, म्हणून सरावही रोजचाच.

रानमळा

गुरुजी, तुमच्यापुढे वाद नाही. 🙏 पण खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. ताकद भाकरीने येते.

डेटावाला

अर्धं बरोबर. बोस्टनच्याच त्या गटाने १९९४ साली वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर दुसरा प्रयोग केला, सरासरी वय ८७. काहींना वजनाचा व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्हीपैकी काही नाही. दहा आठवड्यांत व्यायामवाल्यांची ताकद दुपटीहून वाढली, चालीचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी आणि जिना चढायची ताकद २८ टक्क्यांनी. नुसतं पेय घेणाऱ्यांना ताकदीत काही फायदा झाला नाही. म्हणजे खाणं लागतंच, पण मागणी आली नाही तर खाल्लेलं स्नायूत जात नाही.

अस्थिस्नायू

खाण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडची शिफारस मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वयस्कांना १ ते १.२ ग्रॅम लागतात असं या विषयातले बरेच तज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. आता आपल्या वयस्कांचं रात्रीचं जेवण बघा: कडक भाकरी दुधात कुस्करून नाहीतर भाताची पेज, कारण दात नाहीत. दाताची कवळी करून घेणं हासुद्धा ताकदीचा उपाय आहे, हसू नका. कपभर दुधात साधारण ८ ग्रॅम, एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर घट्ट वरणात ६-७. शेंगा चटणी चांगलीच, पण चमचाभर चटणीत मूठभर शेंगदाणे नसतात. दिवसभरात थोडं थोडं वाटून द्या, सगळं दुपारच्या ताटात नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. डब्यातल्या महागड्या पावडरी बहुतेकांना लागत नाहीत.

निंबर्गीकर

योगासनांचं काय? आमच्या आई रोज टीव्ही लावून करतात.

अस्थिस्नायू

करू द्या, चांगलंच आहे. उभ्याने करायची आसनं तोलाला मदत करतात. पण बहुतेक ज्येष्ठ मंडळी प्राणायाम आणि बसून मान-खांदे फिरवणं एवढंच करतात आणि "आमचा व्यायाम झाला" म्हणतात. त्यात मांडीला काही काम नाही. २०१९ साली पडण्यावरच्या शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. तोल आणि ताकद दोन्ही असलेल्या कार्यक्रमांत त्याहून जास्त. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं का, याचा मात्र ठोस पुरावा मिळाला नाही.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे आभार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, कारण मधे काही सांगण्यासारखं नव्हतं.

गुरुजींचा प्रतिसाद मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. बाकी काही नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मला काय आता तालमीत घालतो काय बे?" मी गप्प बसलो. मग स्वतःच म्हणाले की लग्नाआधी मिलची पाळी सुटली की ते तालमीत जायचे, शंभर-शंभर बैठका मारायचे. हे मला आजवर माहीतच नव्हतं. आईला माहीत होतं, तिने मान डोलावली.

खुर्ची भिंतीला लावली. पहिली मोजणी: तीस सेकंदांत सात. सातव्याला हात गुडघ्यावर गेला तो मी मोजला नाही, त्यावर वाद झाला, त्यांनी तो मोजायला लावला. ताईंच्या नियमाने तो शून्यच होता बहुतेक, पण घरात नियम त्यांचे.

पहिल्या काही दिवसांत मांड्या भरून आल्या, म्हणाले, हे आठवतंय, बैठका सोडून परत धरल्या की असंच व्हायचं. तेव्हापासून मला सांगावं लागलेलं नाही. बागेतून आले की एक दिवसाआड खुर्ची स्वतः ओढतात. चादरीच्या दोन्ही घड्या गेल्या. आता आकडा दोन अंकी आहे, बारा अजून लांब आहे. तोलात मात्र काही खास फरक नाही, रेषेत उभं राहिलं की डावीकडे जातात.

घोट्याच्या वजनाचं सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. दुकानात तयार पट्टे मिळतात. आईने घरीच केले. जुन्या चादरीचा हातभर लांब, वीतभर रुंद पट्टा दुहेरी केला, मशीनवर उभ्या टिपा मारून चार कप्पे केले. वाळू चाळून, धुऊन, वाळवून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरली आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवलं. नुसती वाळू भरली तर टिपेतून बारीक माती झिरपते आणि फरशीवर पाय घसरतो. किराणावाल्याकडे तोलून प्रत्येक पट्टा अर्धा किलो. वजन वाढवायचं तर कप्प्यात आणखी एक पिशवी जाते. बांधायला नाड्या लावल्या, पण अण्णांना वाकून गाठ मारता येईना, मग वेल्क्रो.

अस्थिस्नायू

उत्तम. वेल्क्रो घोट्याच्या हाडाच्या वर बसू द्या, हाडावर नको, आणि मोजा घालून. साखर असलेल्यांनी तर मोज्याशिवाय बांधूच नये, कातडी सोलली तरी कळत नाही. तोलाला ताकदीपेक्षा जास्त वेळ लागतो. डावीकडे जातात तर डाव्या कुल्ल्याचा बाजूचा व्यायाम वाढवा आणि एकदा डोळे तपासून घ्या. या वयात मोतीबिंदू असतो आणि माणूस सांगत नाही.

कुंभारीची_लेक

अम्मा पलंगावरून आठ वेळा उठते. मोरीला जाताना अजून भिंत धरते, पण बोटांनी, पंज्याने नाही. ती म्हणते गुडघा दुखतो तेवढाच दुखतो. मग करतेस कशाला विचारलं तर म्हणाली, शेजारची मंगम्मा बघायला येते.

टिंगलखोर

तीर्थरूपांना टपरीपर्यंत चालत नेण्यात यश. परत येताना रिक्षा केली. पुढचं पुढे.

सेवानिवृत्त_७१

मंगळवारपेठकर, तुमच्या अण्णांना मी बागेत पाहिलं असण्याची शक्यता आहे. रविवारी सकाळी आमच्या कट्ट्यावरचे काही जण बागेतल्याच बाकावर ही तीस सेकंदांची मोजणी करणार आहोत. त्यांना घेऊन या. वही आणायची नाही.

अस्थिस्नायू

गुरुजी, बागेतले बाक कमी-जास्त उंचीचे आहेत आणि काही मागे कललेले. टेप घेऊन जा, ४३ सेंटीमीटरच्या जवळचा शोधा आणि सगळ्यांनी तोच वापरा, पुढच्या वेळीही तोच. बाकाला टेकून कोणी तरी उभं राहा. कोणाला छातीचा त्रास असेल तर त्याने फक्त आकडे मोजावेत.

सेवानिवृत्त_७१

टेप आहे. कारंज्याच्या बाजूचा सिमेंटचा सरळ आहे, पण तो सहाच्या आत धरावा लागतो, नाहीतर हास्य क्लबवाले बसतात.

मंगळवारपेठकर

अण्णा पावणेसहाला येतो म्हणताहेत.